जमिनीवर बसण्यास मनाई

सत्तावीस वर्षं मी चित्रांकडे न बघता चित्रांच्या दालनात नोकरी केली. हसू नका, पहारा असाच करतात. चित्र काही पळून जात नाही, लक्ष माणसांवर ठेवायचं. कुणी बोट लावत नाही ना, पाणी पीत नाही ना, जमिनीवर फतकल मारून बसत नाही ना. माझ्या दालनात नियम मोडायची कुणाची टाप नव्हती. पाठीमागे सगळे मला हेडमास्तरीण म्हणायचे. म्हणेनात का!

आणि आता दर बुधवारी सकाळी, संग्रहालय उघडायच्या आधी, त्याच जमिनीवर बारा जण चटया अंथरून योगासनं करतात. साहेबांची परवानगी आहे. हातपाय ताणून झाले की डोळे उघडे ठेवून एकाच चित्राकडे दहा मिनिटं बघत बसतात. हे ध्यान म्हणे. पहिल्या बुधवारी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग मी बाथरूममध्ये जाऊन रडले, ते कुणाला सांगितलं नाही.

कारण तिथे माझी ठमी बसायची.

माझी एकुलती एक लेक. खरं नाव चांगलं देखणं होतं, पण घरात ठमीच. कॉलेज सुटलं की माझी ड्युटी संपेपर्यंत दालनात यायची आणि दारासमोरच्या त्या मोठ्या काळ्या चित्रापुढे खाली बसायची. रात्रीची नदी आणि एक होडी, बस्स. बाकी सगळा काळोख, आणि वर काच.

"एवढं काळंकुट्ट काय बघतेस गं?" मी एकदा विचारलं.

"त्यात एक बाई आहे, आई."

"कसली बाई? होडी आहे नुसती. तुला चष्मा लागला वाटतं."

"आहे. खाली बसून बघ, दिसेल."

"मला बसायला वेळ आहे का? आणि तूसुद्धा ऊठ आता."

उठायची बिचारी, गुडघ्यावर हात रोवून. एकोणीस वर्षांची घोडी आणि म्हातारीसारखी उठतेस, असं मी वर म्हणायची.

एक दिवस ती बसलेली असताना साहेब दालनात आले. स्वतःच्या पोरीला सूट देते असं कुणी म्हणायला नको, म्हणून मी सगळ्यांदेखत परक्यासारखं म्हटलं, "अहो ताई, इथे बसायचं नाही. उठा, लवकर उठा." ती हसली. "सॉरी मॅडम," म्हणाली. उठताना तिचा एकदा तोल गेला, पुन्हा खाली बसली, मग उठली. त्यानंतर ती दालनात आली नाही. महिन्याभरात रक्ताचा आजार निघाला आणि चौथ्या महिन्यात ती गेली. पोरीच्या अंगात उभं राहायचं बळ नव्हतं, आणि मी तिला नियम सांगत होते.

पुढे दोन वर्षं मी ते चित्र धुंडाळलं. जवळून बघितलं, लांबून बघितलं, टॉर्च मारून बघितलं. बाई कुठेच नाही. ठमीने माझी थट्टा केली होती का? तिला विचारायचं राहूनच गेलं, आणि ते मनातून जाईना.

गेल्या मंगळवारी नोटीस लागली. बुधवारचा वर्ग झाला की ते चित्र दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयात जाणार, कायमचं. म्हणजे बघायचं तर उद्याच.

योगा शिकवणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची. बुधवारी सकाळी तिला गाठलं आणि म्हटलं, "बाळ, मला आज बसू देशील? माझी मुलगी इथे बसायची." तिने मी बोट दाखवलं तिथे स्वतःची चटई अंथरून दिली. मी बूट काढले आणि कण्हत कुंथत खाली बसले.

"श्वास आत घ्या. सावकाश सोडा. नुसतं बघा," ती म्हणाली.

माझा श्वास कुठला आत जातोय! पण बघितलं, आणि दिसलं.

चित्र वरून जरासं पुढे झुकवून टांगलं होतं. उभं राहिलं की काचेत आपणच आड येतो. खाली बसलं की मागचं दार दिसतं, आणि दाराशी, दिव्याखाली, नदीच्या काठावर ठेवल्यासारखी पहाऱ्याची खुर्ची. माझी खुर्ची. आता ती रिकामी होती, पाठीवर माझी शाल तेवढी होती.

ती बाई मी होते. तिने वळून माझ्याकडे बघितलं असतं तर मी डोळे वटारले असते, ड्युटीवर लाड नाहीत म्हणून. म्हणून माझी पोर रोज तासतासभर मला काचेत बघत बसायची. मी तोंडात पदर कोंबायला गेले, तर अंगात युनिफॉर्म. हमसून हमसून रडले, सगळ्यांसमोर.

चित्र न्यायला आलेली माणसं लाकडी पेटी घेऊन दारात थांबली होती.

"आता उठायचं," ती मुलगी म्हणाली. "घाई नाही. आधी हात टेका, मग एक गुडघा. अंगाला वेळ द्या."

बाराही जण उठले. मला कुणी ऊठ म्हणालं नाही.

सावकाश ऊठ गं बाळा, एवढं म्हणायला माझं काय जात होतं?