म्युरिएलचं मागणं

गेल्या हिवाळ्यात म्युरिएलची थोरली बहीण आयव्ही हीटर बंद ठेवून, अंगात कोट घालून खुर्चीतच गारठून मेली. म्हाताऱ्यांना हिवाळ्यात घर गरम ठेवायला मिळणारा गॅसभत्ता बंद करायला खासदार पेनरोजने मत दिलं होतं. आज तोच फोटोवाल्याला घेऊन चर्चच्या पहिल्या बाकावर बसला होता. निवडणूक आली की यांना देव आठवतो, आणि देवाच्या घरातही यांनाच पुढची जागा!

सगळ्यांच्या वतीने प्रार्थना म्हणायची पाळी नेमकी म्युरिएलची होती.

"जरा सांभाळून हं, बाई," पाद्री पुटपुटले. "छताच्या दुरुस्तीचा पैसा त्यांच्याच हातात आहे."

"सांभाळूनच म्हणते, फादर."

ती उभी राहिली. "देवा, आमच्या खासदारसाहेबांनी आम्हाला जे जे दिलं, ते तू त्यांना शंभरपटीने दे."

"आमेन!" फोटोवाल्याकडे बघत सगळ्यात मोठ्याने पेनरोजच म्हणाला.

म्युरिएलने डोळे उघडून थेट त्याच्याकडे पाहिलं. "देवा, ऐकलंस ना? त्यांची हरकत नाही. मग सुरुवात आयव्हीच्या थंडगार खोलीपासून कर."

या वेळी आमेन मागच्या बाकांवरून आलं, आणि दुरुस्तीला आलेलं छत हादरलं.