एका मताचं वजन

शाईस्ताला राग आला की ती बोलत नसे, भांडी घासत असे. त्या सकाळी तिनं घासलेलीच भांडी पुन्हा मोरीत ओढली, तेव्हा गाड्यावर सीताफळं रचणारा हारिस थांबला. "काय झालं गं?"

तिनं ओल्या हातानंच मोबाईल नवऱ्यापुढं धरला. कालचा तिचा लेख करडा पडला होता. वर ओळ होती: कमी मतांमुळे मजकूर झाकला आहे.

"कमी कावून? तुझे वाचणारे तर लई हायेत की."

"हायेत. पण भागवत सरांनी उलटं मत टाकलंय. एकट्यानं."

भागवत सर बीडला संगणकाचे वर्ग चालवत. ब्लॉकचेनवरच्या ह्या ब्लॉगची ओळख त्यांनीच फुकटच्या शिबिरात करून दिली होती. इथं मालक नाही, संपादक नाही. वाचक मत देतात, त्यातून लिहिणाऱ्याला डिजिटल नाणी मिळतात आणि लिहिलेलं कुणाला पुसता येत नाही. ज्याच्याकडं नाणी जास्त त्याचं मत जड, हे मात्र त्यांनी जाता जाता सांगून उरकलं होतं.

नेकनूरच्या शाईस्तानं बाजारावर लिहिलं. सीताफळाचे डोळे उघडले, म्हणजे फळ पिकायला आलं, हे सासू रहेमतबी बोट फिरवून कसं ओळखते, लिलावात अडत्या कुणाला बघून भाव पाडतो, असलं. ती दुसऱ्यांचंही मनापासून वाचायची, प्रत्येकाला उत्तर द्यायची. असे वाचक जमत गेले: सिरसाळ्याची तेजश्री, दुबईत गाडी चालवणारा एक उमापूरचा माणूस, अशी कितीतरी.

मग गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. त्यांचं स्वतःचं नवं नाणं निघणार होतं. "ताई, तुमच्या शब्दावर लोक भरोसा ठेवतात. घ्या म्हणून एक लेख लिहा."

"मला त्यातलं कळत न्हाई, सर. न कळता कसं लिहू?" ती म्हणाली होती. त्या फोननंतरचा तिचा पहिलाच लेख काल आला, आणि झाकला गेला.

शाईस्तानं बुरखा चढवला आणि बीडची बस धरली.

वर्गात पोरं बसलेली होती. सर हसले. "या ताई. नियमच हायेत तसे. माझं मत, मी कुठंबी टाकीन."

"टाका. पण लेखात काय वाईट होतं, तेवढं सांगा."

सर फळा पुसायला लागले.

"वाचला का तुमी?"

"एवढं सगळं वाचायला येळ कुणाला हाय?"

शाईस्ताच्या कानशिलात रक्त चढलं. "न वाचता झाकलं? आमच्या बाजारात माल न बघता सडका म्हणणाऱ्याला गाड्यापुढं उभं करत न्हाईत, सर!"

पोरं माना वर करून बघू लागली. सरांनी आवाज उतरवला. "तो एक लेख लिहा. लगेच उघडतो सगळं."

"म्हंजे ते मत न्हाईच. कुलूप हाय. आन् किल्ली विकायला बसलाव तुमी. मालक न्हाई म्हणून शिकिवलंत ना आमाला? मग तुमी कोण?"



घरी येऊन तिनं झालेलं सगळं नावानिशी लिहिलं. तो लेखही तासाभरात करडा पडला. पण झाकलेल्या मजकुरावर 'दाखवा' असं एक बटण असतं. तेजश्रीनं ते दाबलं, वाचलं आणि सगळ्यांना कळवलं. उमापूरच्या माणसानं लिहिलं, "बहीण, आमी दाबून दाबून वाचू." सरांच्या शिबिराच्या व्हॉट्सअॅप गटातून बरेचजण बाहेर पडले. सगळ्यांनी आपापली मतं दिली, पण ती सरांच्या एका मतापुढं पाचोळ्यासारखी उडाली. शाईस्ताच्या नावावर एकही नाणं जमा झालं नाही.

सरांचं नाणं मात्र ठरल्या दिवशी निघालं. त्याची तारीफ लिहिणारं दुसरं कुणीतरी त्यांना मिळालं होतं. तो लेख पानावर सगळ्यात वर झळकत होता, आणि शाईस्ता तो पुन्हा पुन्हा उघडून बघत होती.

"सोड की आता," हारिस म्हणाला. "कावून जीव जाळती?"

"जळायलाच पायजे. चोरी त्यांची आन् गप मी बसू?"

शेजारी रहेमतबी लिंबं निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आज कायका लिखती?"

"लिंबाचं, अम्मी," शाईस्ता म्हणाली, आणि मोबाईल घेऊन सासूजवळ जमिनीवर बसली.