फ्लेक्सच्या सावलीतला दिवा

मी एक जुना सौरदिवा आहे. फर्दापूरच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी मुलींचं वसतिगृह आहे, त्याच्या अंगणातल्या लोखंडी खांबावर मी असतो. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना फार गोड बोलतात. आम्ही झिजलो, आम्ही सेवा केली, आता आम्हाला विसरू नका, असं म्हणतात. मला तसं जमणार नाही. मला राग आलेला आहे, आणि इतक्या वर्षांत तो तसूभरही कमी झालेला नाही.

माझा जन्म चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. वहिदा नावाच्या बाईने माझ्या तारा डाग देऊन जोडल्या. तिने दिलेला एकही डाग आजवर सुटलेला नाही. खोक्यात घालताना ती म्हणाली, "जा रे बाबा, नाव काढ. दुरुस्तीला म्हणून परत इथं तोंड दाखवू नको."

मी इथे आलो तेव्हा विजेचे खांब लेणीच्या रस्त्यावरच संपलेले होते. वसतिगृहापर्यंत वीज आलीच नव्हती. आई-बाप ऊस तोडायला बाहेरगावी गेलेल्या बत्तीस मुली दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत इथे राहायच्या. त्यांच्या खोल्या एका बाजूला आणि संडास अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये चाळीस पावलं उघडी जागा, आणि पलीकडे लगेच डोंगराची झुडपं. आदल्या वर्षी तिथूनच बिबट्या आला होता आणि दारातलं कुत्रं घेऊन गेला होता. एवढी चाळीस पावलं रात्रभर उजेडात ठेवायची, हे माझं काम.

माझं पॅनल छपरावर बसवलं, बॅटरी खांबाच्या बुडाशी लोखंडी पेटीत ठेवली आणि संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब यांनी नारळ फोडला. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. मीही तेव्हा हुरळून गेलो होतो, खोटं कशाला बोलू!

पण मला सांभाळलं ते भागूबाईंनी. त्या रखवालदार. मुली त्यांना मावशी म्हणत. दर शनिवारी पदर खोचून त्या शिडीवर चढायच्या आणि ओल्या फडक्याने पॅनल पुसायच्या. "दिवसा खाल्लं तरच रातच्याला जागशील," असं मला दटावायच्या. दोन हंगाम मी अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत एकदाही डोळा मिटला नाही. मुली माझ्याखाली बसून पाढे म्हणायच्या, गजगे खेळायच्या, एकमेकींच्या उवा काढायच्या.

तिसऱ्या वर्षी, थंडी सुरू झाली तेव्हा तात्यासाहेबांचा वाढदिवस आला. कार्यकर्त्यांनी वीस फुटांचा फ्लेक्स आणला. कुठे लावायचा? लेणी पाहायला जाणाऱ्या गाड्या दक्षिणेकडच्या रस्त्याने जातात, तेव्हा दक्षिणेलाच, आमच्या छपरावर! बांबूंचा सांगाडा उभा राहिला आणि त्यावर हात जोडलेले तात्यासाहेब चढले. त्यांच्या पायाशी शुभेच्छुकांची पंधरा छोटी छोटी तोंडं होती.

थंडीतला सूर्य दक्षिणेकडूनच कलून जातो, हे शाळेतलं पोर सांगेल. सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत त्या फ्लेक्सची सावली माझ्या पॅनलवर पडू लागली. माझ्या तोंडचा घास गेला. मी आधी दहाला विझलो, मग नऊला, आणि पुढे तर मुलींची जेवणं आटोपायच्या आतच अंगणात काळोख व्हायला लागला.

आणि बोल कुणाला? मला!

"चायना माल," अधीक्षक पुंजाराम सर म्हणाले. ज्या वहिदाने चिकलठाण्यात पाठ दुखेपर्यंत बसून मला जोडलं, तिच्या कष्टाला हा माणूस चायना माल म्हणत होता! कारागीर बोलावला. तो छपरावर चढला, सावलीत उभा राहिला, घाम पुसला आणि खाली येऊन म्हणाला, "बॅटरी गेली." नवी बॅटरी आली. तीही उपाशी राहिली. मग स्वतः पुंजाराम सर वर जाऊन आले. पॅनलवर हात ठेवून त्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं, पुन्हा पॅनलकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, मित्रांनो. मी खांबावरून त्यांचं तोंड पाहत होतो. पण ते मूग गिळून खाली उतरले.

वाढदिवस गेला तरी फ्लेक्स हलला नाही. त्याच सांगाड्यावर नवीन वर्षाच्या शुभेच्छा लागल्या, त्यानंतर संक्रांतीच्या, पुढे प्रजासत्ताक दिनाच्या. तोंडं तीच. भागूबाईंनी तीनदा सरांना विचारलं, "सर, ते वरचं जरा सरकवायचं का?" तिन्ही वेळा सर म्हणाले, "बघू."

आता माझा राग कशाचा आहे ते ऐका. मुली संध्याकाळी पाणी पिईनाशा झाल्या. पाणी प्यायलं तर रात्री उठावं लागतं, आणि उठलं तर काळोखातून चाळीस पावलं जावं लागतं. म्हणून दुपारी चारनंतर घोटभरही नाही. कोरडी भाकरी कोरड्या घशाने गिळायची आणि सकाळपर्यंत पोट दाबून पडायचं. मोठ्या मुलींनी हे धाकट्यांना शिकवलं. कुणी ओरडलं नाही, कुणी तक्रार केली नाही.

मनकर्णा त्यांच्यात सगळ्यात लहान, नऊ वर्षांची. आजीचं नाव तिला ठेवलेलं. फेब्रुवारीत ती तापाने फणफणली, लघवीला बसली की रडू लागली. भागूबाई तिला कडेवर घेऊन जीपने दवाखान्यात गेल्या. तिला तिथे ठेवून घेतलं. गावाकडून आलेली तिची चुलती तिच्याजवळ थांबली आणि भागूबाई दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्याच परत आल्या. अंगणात माझ्याखाली उभं राहून त्यांनी सरांना हाक मारली.

"सर, डाक्टरीणबाई मला इचारत हुती, पोरीला पानी देत नाय का तुमी? काय सांगू मी तिला? साहेबाचा फोटू उन्हात बसलाय म्हनून पोरी तहानेल्या ऱ्हातात, असं सांगू?"

"भागूबाई, हळू बोला."

"लई हळू बोलले. तीनदा बोलले."

त्या तडक आत गेल्या, विळा घेऊन आल्या आणि शिडी चढू लागल्या. खाली सरांची पाचावर धारण बसली. "अहो, साहेबांच्या फोटोला विळा लावताय! उद्या माझी नोकरी जाईल!"

"तुमची कशाला जाईल? विळा माझ्या हातात हाय."

त्यांनी एकेक दोरी कापली. वीस फुटी तात्यासाहेब धप्पकन अंगणात पडले. माझ्या पॅनलवर अडीच महिन्यांनी भर दुपारचं ऊन आलं, आणि त्या रात्री मी पहाटेपर्यंत जळलो.

चौथ्या दिवशी तात्यासाहेब स्वतः आले. ते ओरडले नाहीत. खुर्चीवर बसून त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, कुणाच्या सांगण्यावरून कापला?"

"कुनी सांगितलं नाय, म्हनून तर कापावा लागला," भागूबाई म्हणाल्या. त्यांनी मनकर्णाचं सगळं सांगितलं.

तात्यासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग सरांकडे वळून म्हणाले, "तुम्ही मला एक फोन करायचा होता. मीच काढायला लावला असता."

कदाचित खरंच लावला असता. सांगाडा त्याच संध्याकाळी फाटकाशी नेऊन उभा केला. रस्त्यावरून तो तिथेही तितकाच दिसतो. अर्ध्या तासाचं काम होतं, मित्रांनो! अर्ध्या तासाचं!

मनकर्णा आठ दिवसांनी परत आली. भागूबाईंनी तिला संध्याकाळी पायरीवर बसवून पाण्याचा तांब्या दिला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग तांब्या तोंडाला लावला.

महिनाअखेरीस संस्थेचं पत्र आलं. मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल भागूबाईंना कामावरून कमी केलं होतं. सही तात्यासाहेबांची नव्हती, कुणा चिटणिसाची होती. पुंजाराम सरांनी ते अंगणात वाचून दाखवलं. मान वर न करता त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. स्वयंपाकीण, शिपाई, शिकवायला येणारे दोघे गुरुजी, सगळे तिथे होते. सगळे महिनोन् महिने ती सावली पाहत आलेले होते. एकानेही तोंड उघडलं नाही. भागूबाईंनी लुगड्याची गाठोडी काखेत घेतली आणि मुलींना "पानी पीत जा गं" एवढं सांगून त्या निघाल्या.

आता वीज आली आहे. माझी काच पिवळी पडली आहे आणि मला पुसायला कुणी येत नाही. येऊ नका. मला पुसा, जपा असं मी म्हणणार नाही. दिवा विझला तर त्याला शिव्या देण्याआधी त्याच्यावर कुणाची सावली पडली आहे ते पाहा, आणि दिसली तर बोला. कुणी एकटं बोलत असेल तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. त्या दिवशी भागूबाईंच्या शेजारी कुणीही उभं राहिलं नाही. मला जायचं होतं, पण मी खांबाला बांधलेला आहे. तुम्हाला कुणी बांधलेलं नाही.