साडेचारच्या आत

बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस जहाजावर करायचा ही कल्पना माझी, त्यामुळे त्या दिवशी जे झालं त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फुटणार होतं. सकाळी जहाज बंदराला लागलं तेव्हा आमच्या गळ्यात कार्डं अडकवणाऱ्या बाईने तीनदा बजावलं होतं: साडेचारच्या आत सगळे वर, पाचला जहाज सुटेल, कुणासाठी थांबणार नाही. मी शिवणकाम करते. सांगितलेल्या वेळेला कपडा तयार नसला की गिऱ्हाईक कसं बोलतं ते मी रोज ऐकते. असली वाक्यं मी हसण्यावारी नेत नाही.

शहरात किल्ला होता, दीपगृह होतं, जुन्या चित्रांचं संग्रहालय होतं. बाबांनी पाहिला तो बसडेपो. अडतीस वर्षं बस चालवलेला माणूस, तिथल्या गाड्या कशा वळतात ते बघत कुंपणाला नाक लावून तासभर उभा. आईचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले. "वाढदिवस तुमचा म्हणून गप्प आहे," असं ती दर दहा मिनिटांनी म्हणत होती, म्हणजे गप्प नव्हतीच.

तीनला टेकडीवरच्या एका केकच्या दुकानात आम्ही टेकलो. बाबांनी केक कापला, पहिला तुकडा स्वतःच्याच तोंडात टाकला आणि कागदी रुमालावर त्या डेपोचा नकाशा काढायला बसले. मी हात धुवायला गेले. तिथे रांग होती. परत आले तर आईची खुर्ची रिकामी.

"आई कुठेय?"

"येते म्हणाली," बाबा नकाशातून म्हणाले.

मी बसले. वाटलं, समोरच्या दुकानात डोकावायला गेली असेल. दहा मिनिटांनी उठून बाहेर आले. रस्त्यावर दोन्ही बाजूंना चिटपाखरू नव्हतं. समोरच्या चपलांच्या दुकानात हातवारे करून विचारलं, दुकानदाराने नुसते खांदे उडवले. आईचा फोन केबिनमध्ये पडलेला. इथली भाषा तिला येत नव्हती. तिच्याजवळ होती ती खांद्यावरची पर्स आणि गळ्यातलं कार्ड.

साडेतीन झाले, पावणेचार झाले. मी गल्ली वर जाऊन आले, पायऱ्यांनी खाली जाऊन आले. मी घाबरले होते आणि त्या घाबरण्याचा मला रागही येत होता.

"बाबा, चला. ती जहाजावर गेली असणार."

"आणि नसली तर? ती इथे येईल आणि आपण नसू."

"चार वाजताहेत."

"वाजू देत. येते म्हणालीय. मी हलणार नाही."

एक मिनिट उशिरा धावत येणाऱ्या प्रवाशाच्या तोंडावर बसचं दार लावणारा हा माणूस. आज त्याला घड्याळच दिसत नव्हतं. ओढून न्यावं तर पंचाहत्तर वर्षांचा हट्ट, आणि सोडून जावं तर एकाऐवजी दोघं हरवणार. मी त्यांच्यासमोर खाली वाकले.

"नीट आठवा. ती 'आलेच' म्हणाली की 'येते' म्हणाली?"

"त्यात काय फरक?"

"'आलेच' म्हणजे इथल्या इथे. 'येते' म्हणजे निघाले."

बाबा विचारात पडले. "येते हं मी, असं म्हणाली. उभी राहून."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "'ये' म्हणालो."

आमच्या घराच्या दारात हे दोन शब्द रोज होतात. कामाला निघणारा येतो म्हणतो, घरात राहणारा ये म्हणतो. तिने निरोप घेतला होता आणि बाबांनी तो रीतसर दिला होता, तोंडात केक असताना.

टॅक्सी मिळाली तेव्हा चार वाजून सात मिनिटं झाली होती. उतारावर वाहनं एकाला एक चिकटून उभी. पुढे एक बस आडवी झाली होती, आणि बाबा तिच्या चालकाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, तेव्हा मला खरी भीती वाटली. मी चुकले असेन तर? ती वरच्या गल्लीत कुठे पडली असेल तर? परक्या शहरात आईला एका क्रियापदाच्या भरवशावर सोडून मी निघाले होते.

टॅक्सी सोडून शेवटचा रस्ता आम्ही पायीच कापला. बाबांना धाप लागली होती, पण माझा हात त्यांनी झिडकारला. जहाजाच्या जिन्यापाशी पोचलो तेव्हा चार सत्तावीस. पहारेकऱ्याने आमची कार्डं यंत्रावर टेकवली. मी आईच्या केबिनचा नंबर दाखवला. त्याने पडद्यावर बोट फिरवलं, थांबला, पुन्हा मागे गेला. त्याची ती बेफिकीर सावकाशी पाहून मला त्याचा गळा धरावासा वाटला.

"आत आहेत," त्याने खुणेने सांगितलं, आणि वेळ दाखवली. चार वाजून बारा मिनिटं.

म्हणजे अर्ध्या तासाच्या उताराला तिला एक तास लागला होता.

ती आतल्या बाकावर सापडली. चपला काढलेल्या, पावलं सुजलेली, उजव्या तळव्याचं साल निघालेलं. मला रडू यायला हवं होतं, पण मी खेकसलेच. "सांगून जायला काय होतं?"

"सांगितलं की. येते म्हटलं." ती बाबांकडे बघत होती. "तुम्ही ये म्हणालात. मान वर केली नाहीत."

"मला वाटलं..."

"मलाही वाटलं. वाटलं, उठाल, मागून याल. पहिल्या वळणावर थांबले. दुसऱ्या वळणावर थांबले. मग भलत्याच पायऱ्या उतरले आणि पडले."

बाबा तिच्यासमोर जमिनीवर बसले. उठताना आपल्याला दोन माणसं लागतात हे त्यांना माहीत होतं, तरी बसले. तिचा सोललेला हात त्यांनी उलटा करून पाहिला, मग खाली ठेवला.

"यापुढे येते म्हणू नकोस," ते म्हणाले. "जाते म्हण."

"काहीतरीच. या वयात तसं बोलतात का?"

"म्हण. त्या शब्दाला तरी मी उठेन."