केझबानच्या रुखवताची गाडी

आमच्या डोंगरातल्या बैलगाड्यांना कुणी वंगण घालत नाही. घालायचं कशाला? आस लाकडावर घासतो आणि गाडी कशी गळा काढून रडते! जितकं ओझं जास्त, तितका आवाज मोठा. म्हणून तर नवरीचं रुखवत घेऊन गाडी निघाली की अख्खं गाव कान टवकारतं. गाडी कोकलली, तर नवरी भरल्या घरची. गाडी गप्प गेली, तर पोरीची जन्मभर टिंगल.

केझबान लहानपणापासून आपल्या गाडीच्या आवाजाची तयारी करत होती. रजया शिवत होती, पासोड्या विणत होती, रुमालांवर लाल फुलं काढत होती. पलीकडच्या खोऱ्यातल्या इदरिसशी तिचं लग्न ठरलं आणि नेमकं मेलं ते युद्ध आलं. इदरिस तोफखान्यात गेला.

मग एके दिवशी बंदरावरून तोफगोळे गावापर्यंत आले. ते घाटापलीकडच्या ठाण्यावर पोचवायचे होते, नाहीतर इदरिसच्या तोफा मुक्याच राहणार. गावात बाप्ये उरलेच नव्हते. केझबान म्हणाली, "बैल माझे, गाडी माझी. मी नेते." पण घाटात शत्रूला फितूर झालेली एक टोळी दबा धरून बसली होती.

"आसाला लोणी फासू," एक शेजारीण म्हणाली. "गुपचूप निसटू."

"मोठी शहाणी गं तू!" दुदू आजी कडाडली. ही गावची सुईण. हिला कुणाची भीती म्हणून नाही. "ओझ्यानं चाकं चिखलात रुतलीत आणि गाडी मुकी? आंधळ्यालासुद्धा संशय येईल. चांगली बोंबलत जाऊ दे! केझबान, तुझी लग्नाची लाल ओढणी काढ."

केझबानच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती खो-खो हसत सुटली. मग तिच्या लक्षात आलं की गोळे झाकायला आपलं सगळं रुखवत लागणार. हसणं तिथंच थांबलं. "मळलं तर धुऊ," ती म्हणाली आणि तिनं पेटी उघडली.

अशी निघाली वरात! खाली गोळे, त्यावर रजया, त्यावर लाल ओढणीतली केझबान. आजी बैल हाकतेय, बायका पराती बडवत गातायत आणि गाडी सगळ्यांच्या वरताण रडतेय. नवरीनं सासरी पोचेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, ही आमची रीत. आणि केझबान तर झोपेतही बडबडणारी!

घाटात टोळी आडवी आली. मिशीवाला म्होरक्या म्हणाला, "काय गं म्हातारे, गाडी इतकी का कण्हतेय? दगड भरलेत?"

"दगड भरत असतील तुझ्या घरी! तांब्याच्या कढया आहेत कढया. शिवाय नवरीही खात्यापित्या घरची आहे."

केझबाननं ओढणीआडून आजीला सणसणीत चिमटा काढला.

"आणि हे बैल? यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात!" म्होरक्या हसला. आपल्या बैलांना नावं ठेवलेली केझबान कधी ऐकून घ्यायची नाही. तिनं ओढणीचा पदर दातांत घट्ट धरला. तेवढ्यात त्यानं रजईकडे हात नेला.

"लाव, लाव हात!" आजी ओरडली. "नवरीच्या अंथरुणाला परका बाप्या हात लावतो! तुझ्या आईनं हेच शिकवलं का रे?"

बायकांनी एकच गलका केला. म्होरक्या ओशाळला, पण वरातीची वाट अडवणाऱ्याला नवरीनं द्यायचा मान मागायला काही विसरला नाही. केझबाननं आपला सगळ्यात देखणा रुमाल काढला आणि मुकाट्यानं त्याच्या हातावर ठेवला. तो एवढा खूश झाला, की चढावर गाडी अडकली तेव्हा सगळ्या टोळीला त्यानं ढकलायला लावलं!

ठाण्यावरचा हवालदार वरात बघून भडकला. "गोळ्यांची वाट बघून आमचे डोळे गेले, आणि तुम्हाला लग्नं सुचतायत?"

केझबाननं ओढणी फेकली, रजई उचलली. "हे घ्या तुमचे गोळे! आणि माझे बैल मरतुकडे नाहीत, कळलं?" बिचाऱ्या हवालदाराला काय कळणार! तो गोळे बघून नाचायलाच लागला.

पण आभाळ भरून आलं होतं, गोळे पुढे तोफांपर्यंत नेणाऱ्या गाड्या उघड्या होत्या आणि भिजलेला गोळा उडत नाही. केझबाननं रजयांवरून एकदा हात फिरवला. "असू देत यांच्यावरच," ती म्हणाली. घरी जाताना मात्र ती खूप रडली.

पुढे युद्ध जिंकलं. इदरिस परत आला आणि लग्नाचा दिवस उजाडला. गाडीत एक चटई, एक कढई आणि केझबान. बैल निघाले, पण गाडी हूं की चूं करेना. केझबाननं मान खाली घातली.

"थांबवा!" दुदू आजी ओरडली आणि धोतरासारखी शलवार खोचून गाडीत चढली. मागोमाग शेजारीण चढली, तिची सून चढली, पराती घेऊन साऱ्या बायका चढल्या. एकमेकींच्या मांडीवर बसल्या. गाडी आधी कुरकुरली, मग कण्हली आणि मग अशी कोकलली म्हणता, की डोंगर दणाणून गेला. केझबान ओढणीत हसत होती की रडत होती, तिलाच ठाऊक.

पलीकडच्या खोऱ्यात इदरिस अंगणातून ओरडला, "आई, ऐकलंस? आली माझी केझबान!"