सावल्या चालू ठेवून

गल्लीतली पोरं आत्याला पाठीमागे ‘चालणार-नाही-बाई’ म्हणायची, आणि हे नाव तिने स्वतःच्या कष्टाने कमावलेलं होतं. तिच्या दुकानासारखी, कॉम्प्युटर जोडून देणारी, दुरुस्त करणारी दुकानं त्या रस्त्यावर आणखीही होती. तिथे कोणी विचारलं, की हा नवा खेळ माझ्या मशीनवर चालेल का, तर दुकानदार आधी गिऱ्हाईकाचा चेहरा वाचायचा आणि मग म्हणायचा, "चालेल की, न चालायला काय झालं?" आत्या चेहऱ्याच्या भानगडीत पडायची नाही. ती मशीनचं झाकण उघडायची, ग्राफिक्स कार्डावरचा आकडा वाचायची, पंख्याला कान लावायची आणि तोंडावर सांगून टाकायची, "चालणार नाही." वर अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा उपदेश फुकट. पोरं हिरमुसून जायची, दुसरीकडे फसायची आणि पुन्हा हिच्याच दारात यायची.

अगदीच रडवेला चेहरा समोर आला तर मात्र ती एक तोड सुचवायची. "सेटिंगमध्ये जा आणि सावल्या बंद कर. मग पळेल. सावल्यांकडे बघायला वेळ आहे कोणाला?"

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, शटर अर्धं खाली ओढून ती मागची फळी आवरत होती, तेव्हा तिची भाची वाकून आत आली. धाकट्या भावाची ही मुलगी, घरातलं शेंडेफळ, म्हणून सगळे तिला बारकी म्हणत. शाळेच्या सुट्ट्या तिने याच दुकानात काढल्या होत्या आणि सोल्डरिंगचा डाग द्यायलाही ती इथेच शिकली होती. आता लांबच्या शहरात, व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. तिथे ती नेमकं काय करते, हे घरात कोणालाच सांगता येत नसे. तिची आई लोकांना "कॉम्प्युटरमध्ये असते" असं सांगायची, जशी काही पोरगी त्या डब्यातच राहायला गेली होती.

"न कळवता आलीस?" आत्या म्हणाली. "जेवलीस का?"

"जेवले. आत्या, मला दुकानात घेतेस का?"

आत्याच्या हातातली वायरची गुंडाळी सुटली. गेली कितीतरी वर्षं ती मनात हेच मांडे खात होती. तिचे डोळे आता बारीक स्क्रूंना दाद देत नव्हते. दुकान कोणाच्या हाती द्यावं असं कोणी नव्हतं, आणि अनोळख्याला विकायला मन धजत नव्हतं. आणि आता आंधळ्याने एक डोळा मागावा तर देव दोन द्यायला निघाला होता. पण आत्याचा स्वभाव असा, की आनंद झाला की ती आधी संशय घ्यायची.

"काय झालं ऑफिसात? भांडलीस?"

"नाही गं. आमचा खेळ बाजारात आला. आता पुढच्या खेळावर काम करायला येणार का विचारतायत, उद्या सांगायचंय." बारकी स्टुलावर बसली. "लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचत होते. सगळे एकमेकांना एकच सल्ला देतायत. सावल्या बंद करा, म्हणजे खेळ पळतो."

"बरोबरच आहे की," आत्या म्हणाली. "मग?"

"मी सावल्या करते, आत्या. चार वर्षं मी फक्त सावल्याच केल्या."

गल्लीतल्या किती पोरांना आपण तो सल्ला दिला, त्याचा आत्याने हिशेब केला नाही, कारण करवलाच नसता.

"आमच्या ऑफिसातली मशीनं राक्षसी असतात," बारकी म्हणाली. "त्यांच्यावर सगळं दिसतं. साध्या माणसाच्या घरी पहिली कुऱ्हाड माझ्यावर. मग कोणासाठी करायचं? म्हणून मी एक ठरवलंय. तुझं हे बिलं करायचं मशीन आहे ना, अगदी चारचौघांसारखं? याच्यावर सावल्या चालू ठेवून खेळ चालला, तर मी परत जाते. नाही चालला, तर उद्या नाही म्हणून कळवते आणि तुझ्याजवळ बसते. चालतो की नाही, ते तू सांगायचं. तुझ्याइतकं खरं मला कोणी सांगणार नाही."

चोराच्या हाती किल्ल्या देतात, तशी ही पोरगी न्यायाधीशाच्या खुर्चीत आत्यालाच बसवून मोकळी झाली होती.

आत्याने उत्तर द्यायला फार वेळ घेतला नाही. ते मशीन तिने लोकांनी टाकून दिलेल्या सुट्या भागांतून उभं केलं होतं. प्रोसेसर म्हातारा, पण दमाचा. मेमरी बेताची. ग्राफिक्स कार्ड एका विद्यार्थ्याने नवीन घेताना इथेच सोडून दिलेलं. खेळाच्या कंपनीने जे कमीत कमी लागतं म्हणून छापलं होतं, त्याला ते जेमतेम शिवत होतं. "सावल्या बंद करून पळेल," ती म्हणाली. "चालू ठेवून नाही. नाकापेक्षा मोती जड होईल." आणि हे बोलताना ती खोटं बोलत नव्हती.

"आधी बंद करूनच बघ," बारकी म्हणाली आणि तिने सोबत आणलेला खेळ मशीनवर चढवला.

पडद्यावर एक अंगण उघडलं. मोठं झाड, त्यामागे पांढरी भिंत, दोरीवर वाळत घातलेली चादर, आणि वरच्या मजल्यावरून उतरणारा दगडी जिना. बादली घेतलेली एक बाई त्या जिन्यावरून खाली येत होती. सगळं सुरळीत चाललं होतं. खेळ म्हणजे शेवटी काय, तर मशीनने एका सेकंदात तीस-चाळीस चित्रं काढायची, आणि हे मशीन ती हसतखेळत काढत होतं.

"छान पळतंय," आत्या म्हणाली.

"त्या बाईच्या पायांकडे बघ."

आत्याने चष्मा वर सरकवून पाहिलं. बाई पायऱ्या उतरत होती, पण तिचे पाय पायरीला लागत नव्हते. लागत असतीलही, पण तसं वाटत नव्हतं. बादलीला वजन नव्हतं. झाड जमिनीत उगवलेलं नव्हतं, कोणीतरी आणून टेकवलं होतं. इतकी वर्षं पोरांच्या पडद्यांवर हेच बघूनही तिच्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

बारकीने सावल्या चालू केल्या. चित्र थबकलं. पंखा किंचाळायला लागला. काही वेळाने पुढचं चित्र आलं, मग पुन्हा सगळं गोठलं. खेळ म्हणून पाहिलं तर हा निव्वळ पोरखेळ होता. पण आत्या पुढे वाकली ती वाकूनच राहिली.

अंगण जमिनीवर उतरलं होतं. बाईचं पाऊल पायरीवर पडलं होतं आणि पायरीने ते झेललं होतं. चादर भिंतीपासून हातभर लांब आहे, हे आता न सांगता कळत होतं. झाडाच्या बुंध्याची सावली मुळाशी रेघेसारखी नेटकी होती, आणि जसजशी लांब जाईल तसतशी तिची कड विरघळत गेली होती. आणि पानांच्या सावलीत, जमिनीवर, उन्हाचे ठिपके पडले होते, सगळे गोल.

"हे गोल का काढलेस?" आत्याने विचारलं. "पानं तर वेडीवाकडी आहेत. मधली भोकंही वेडीवाकडी असणार."

"सूर्य गोल आहे म्हणून," बारकी म्हणाली. "भोक लहान असलं की खाली भोकाचा आकार पडत नाही, सूर्याचा पडतो. तो प्रत्येक ठिपका म्हणजे एकेक सूर्य आहे. ते असं मशीनकडून करून घ्यायची युक्ती सापडायला मला दीड वर्ष लागलं."

"काहीतरीच."

"बाहेर जाऊन बघ की."

आत्या खरोखरच उठली. शटरखालून वाकून बाहेर गेली. दुकानासमोर फुटपाथवर एक झाड होतं, आणि त्याच्याखालची जागा ती रोज सकाळी स्वतः झाडायची. तिने खाली पाहिलं. फरशीवर गोल, गोल, गोल. लहान, मोठे, एकमेकांवर चढलेले, वारा आला की हलणारे, पण सगळे गोल. तिने तळहात पुढे केला तर त्यावरही दोन सूर्य येऊन बसले. हात फरशीजवळ नेला तर बोटांच्या सावलीला कड आली, वर उचलला तर ती कड सुटली. रस्त्यावरचा एक माणूस तिच्याकडे बघत गेला. साठीच्या घरातली बाई आपला हात वरखाली करते आहे आणि तोंड उघडं आहे, हे त्याला चमत्कारिक वाटलं असणार. आत्याला त्याची लाज वाटली नाही. तिला एवढंच वाटत होतं, की आपण जन्मभर या उजेडात वावरलो आणि तो कसा पडतो ते एकदाही पाहिलं नाही, आणि बोटाला धरून फिरवलेल्या या पोरीने ते पाहून, समजून, पुन्हा नव्याने उभं केलं.

ती आत आली तेव्हा बारकीने खेळ मिटवला नव्हता, पण पडद्याकडे पाठ केली होती.

"मिळालं उत्तर," ती म्हणाली. "तू म्हणालीस तसंच. नाही चालत. सोड आता. माझं सामान कुठल्या फळीवर ठेवू, ते सांग."

झालं. आत्याच्या मनासारखं झालं होतं, आणि तिने त्यासाठी काही केलंही नव्हतं. फळी दाखवायची तेवढी बाकी होती. पण पंखा अजून ओरडत होता, आणि ज्या कानाने अर्ध्या गावाच्या मशीनांची दुखणी ओळखली, तो कान काही मिटता येत नाही. कमकुवत मशीनचा आवाज तिला ठाऊक होता. हा दमलेल्याचा आवाज नव्हता, गुदमरलेल्याचा होता. लोकांची मशीनं ती महिन्याच्या महिन्याला साफ करायची, आणि स्वतःचं कधी उघडलंय तेही तिला आठवत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

गप्प बसणं फार सोपं होतं. कोणाला कळणार नव्हतं. बारकी इथे राहिली असती, रोज जेवणाचा डबा उघडताना समोर बसली असती, बारीक स्क्रू तिने बसवले असते. आत्याने तो सगळा संसार एकदा डोळ्यांसमोर आणला, आणि तिला तो फार हवासा वाटला.

"फळी राहू दे," ती शेवटी म्हणाली. "तो मोठा स्क्रू ड्रायव्हर दे इकडे."

"कशाला?"

"माझा निकाल अजून झालेला नाही."

झाकण निघालं तशी आतून धुळीची गोधडी बाहेर आली. दोघींना शिंका आल्या. आत्याने ब्लोअर लावला, पंख्याची पाती ब्रशने एकेक करून पुसली, कार्ड उघडून आतल्या चिपला गार ठेवणारी, सुकून खडा झालेली पेस्ट खरवडली आणि नवीन लावली. बारकी न सांगता एकेक वस्तू हातात देत होती, अगदी शाळेच्या सुट्टीत द्यायची तशी. ते सुख आत्याने मुकाट्याने भोगून घेतलं.

मशीन चालू झालं तेव्हा पंखा नुसता गुणगुणत होता. पडद्यावरचं अंगण आता थांबत नव्हतं, पण अडखळत होतं. मग आत्या सेटिंगमध्ये शिरली. आयुष्यभर ज्या क्रमाने तिने पोरांना एकेक गोष्ट बंद करायला सांगितली, तो क्रम तिने उलटा धरला. चित्राचा बारीकपणा कमी केला. कपड्यांवरची नक्षी काढली. पाण्यातलं प्रतिबिंब काढलं. लांबचं गवत काढलं, लांबची माणसंही काढली. सावल्यांना हात लावला नाही.

"अगं, चेहरे गेले सगळ्यांचे," बारकी म्हणाली.

"जाऊ देत. चेहरे काय, कुठेही बघायला मिळतात."

अंगण धूसर झालं होतं, जुन्या चष्म्यातून दिसावं तसं. पण बाई चालत होती. बादलीला वजन होतं. बारकीने दाखवलेल्या बटणांवर आत्याने बोटं ठेवली आणि ती स्वतः त्या अंगणात उतरली. झाडाखालून गेली. तिच्या पुढे तिची सावली होती. ती वळली की सावली वळायची, भिंतीजवळ गेली की सावली मोडून भिंतीवर चढायची. पानं हलली आणि सगळे सूर्य एकदम थरथरले. ती उभी राहिली आणि नुसती बघत राहिली. कोणी तिला मारायला आलं नाही, तिने कोणाला मारलं नाही. खेळातला दिवस भराभर सरतो, तसा तो सरत गेला, आणि झाडाची सावली अंगण ओलांडून जिन्याच्या पहिल्या पायरीला येऊन टेकली.

"चालतोय," आत्या म्हणाली.

बारकीचे डोळे भरले होते.

"या साध्या मशीनवर चालतोय, तर कुठेही चालेल. न जमायला काय झालं? लोकांना नीट सांगणारं कोणी भेटलं नाही, एवढंच. ते मी सांगीन. तू जा."

"आणि दुकान?"

"दुकान माझं आहे, त्याची काळजी तू करू नकोस. उद्याची वाट कशाला बघतेस? आत्ता कळव, नाहीतर रात्रभर घोळ घालत बसशील."

बारकी फोन घेऊन बाहेर गेली. शटरच्या पलीकडे तिचे फक्त पाय दिसत होते, येरझारा घालणारे. मग ते थांबले, आणि "हो, येतेय मी," असं तिचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. आत्याला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पण तिने मान वळवली नाही, कारण खेळातली संध्याकाळ होत आली होती, आणि ती सावली पायरी पायरीने जिना चढत होती.