चित्रं कुणी काढली

चौथ्यांदा पोरगी कौलावरून खाली पडली, तसा केशव देसूरकरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. दोष चष्म्याचा नव्हता. उडीचं बटण ते दाबत होते खरे, पण कौलाची कड यायच्या आधीच. शाळेत पस्तीस वर्षं पोरांना ‘घाई करू नका’ म्हणून दटावलेल्या या चित्रकलेच्या मास्तराला स्वतःची घाई काही दिसत नव्हती.

“आप्पा, कडंला आली की मग दाबा,” शेजारी बसलेला त्यांचा मुलगा केयूर म्हणाला.

“मला शिकवू नको. पडू दे की चार वेळा. पडल्याबिगर कोण शिकतंय?”

स्वयंपाकघराच्या दारात लतिका घेवडा मोडत उभी होती. भाजी बसूनही मोडता आली असती. पण तिथून संगणकाचा पडदा दिसत होता आणि नवऱ्याचा चेहराही अर्धा दिसत होता. पोरगी पडली की हातातली शेंग तिच्याकडून वेडीवाकडी मोडायची. कारण त्या पोरीची वेणी, तिच्या परकराचा घेर, पडताना वर उचलले जाणारे तिचे हात, सगळं लतिकेनं काढलं होतं. एका उडीला अकरा कागद. पडण्याला चौदा.

केयूर एरवी बेंगळुरूला असायचा. दोन मित्रांबरोबर तो हा खेळ करत होता. खासबागेच्या विणकर पेठेतल्या एका घरातून सुताचं रीळ घरंगळत जातं आणि त्याच्या मागं एक पोरगी कौलांवरून, गच्च्यांवरून, वाळत घातलेल्या लुगड्यांवरून उड्या मारत पळते, एवढीच गोष्ट. सूत जिथून जाईल तिथं रंग भरत जातो, बाकी सगळं पेन्सिलीचं करडं. चित्रं हातानं काढलेलीच हवीत असा केयूरचा हट्ट होता. सुट्टीला आला असताना त्यानं आईपुढं कोरे कागद ठेवले आणि म्हणाला, “आई, एक मांजर काढून दे बघू.” त्या मांजरापासून दोन वर्षं झाली. केशवराव सकाळी वाचनालयात गेले की लतिका काचेखाली दिवा लावायची, कागदावर कागद ठेवायची आणि खालच्या रेघेवरून पुढची हालचाल काढत बसायची. काढलेलं मोबाइलवर फोटो घेऊन पाठवायची. कागद तांदळाच्या पिंपामागं जायचे. मास्तरांना वाटत होतं, चित्रं बेंगळुरूचा कुणी पगारी चित्रकार काढतोय.

आज दुपारी दोनपर्यंत केयूरला नावांची यादी पाठवायची होती. शेवटी पडद्यावर जी नावं येतात ती. सगळ्या ओळी भरल्या होत्या, फक्त ‘चित्रे’ या शब्दापुढची जागा कोरी होती. ती लतिकेनंच कोरी ठेवायला लावली होती.

“आधी त्येनी खेळू देत,” ती आदल्या दिवशी म्हणाली होती. “कुणाची ते सांगू नको. काय म्हणत्यात ते मला ऐकायचंय. मग लिव्ह.”

“आणि न्हाय आवडलं म्हणाले तर?”

“तरीबी लिव्ह. पर आधी ऐकू दे.”

केयूरला हे वेडेपण वाटलं. त्याला शाळेच्या तक्त्यांची गोष्ट आठवत नव्हती, ती घडली तेव्हा तो चार वर्षांचा होता. शाळांच्या प्रदर्शनासाठी मास्तरांनी पाखरांचे चोवीस तक्ते करायचं अंगावर घेतलं. खालची अक्षरं त्यांनी काढली, वळणदार, देखणी. पाखरं काढायला त्यांना सवड मिळेना, तेव्हा ती लतिकेनं काढली. जिल्ह्यात पहिला नंबर आला. सत्काराच्या भाषणात मास्तरांनी हेडमास्तरांचे आभार मानले, सहकाऱ्यांचे मानले, भिंतीला खिळे मारणाऱ्या शिपायाचेही मानले. सुरुवातीला ते ‘आम्ही तक्ते केले’ म्हणायचे. पुढं ‘मी केले’ म्हणू लागले. आणि मग ते खरंच विसरले. लतिकेला याचाच जास्त त्रास झाला. माणूस खोटं बोलला तर त्याच्याशी भांडता येतं. ज्याला मनापासून तसंच वाटतंय, त्याच्याशी कुठल्या तोंडानं भांडायचं?

पोरगी पाचव्या उडीला पलीकडच्या कौलावर पोचली. मास्तर खुर्चीत सरसावून बसले.

“लोकांनी काय काय लिहिलंय, वाचू?” केयूरनं विचारलं. खेळ बाजारात येण्याआधी त्यानं तो चाळीसेक लोकांना खेळायला दिला होता, आणि त्यांना काय वाटलं ते मागवून घेतलं होतं. त्यानं मोबाइल काढला. “कोचीची एक बाई म्हणती, उड्या सोप्या हायत पर कौलं सोडून पुढं जावंसं वाटत न्हाय. पोलंडचा एक पोरगा म्हणतो, मांजर आळस देतंय ते मी वीस वेळा बघितलं. एकानं लिहिलंय, तिसरा टप्पा लई उदास हाय. आणि सगळ्यांनी एकच विचारलंय, चित्रं कुणी काढली.”

“विचारणारच,” मास्तर म्हणाले.

“तुमाला काय वाटतंय? मनातलं सांगा, आप्पा. मी पोरगा हाय म्हणून नगं.”

लतिकेच्या हातातली शेंग मोडायची थांबली.

मास्तरांनी पोरीला कौलावर तसंच उभं केलं. उभी असताना ती वेणीचं टोक चावायची. तेवढ्यालाच सहा कागद लागले होते. मास्तर पडद्याजवळ वाकले आणि शाळेत वह्या तपासायचे तसे कोपऱ्यापासून बघू लागले.

“हाताला वळण हाय,” ते म्हणाले. “कौलं मोजूनमापून काढल्यात असं न्हाय, बघून काढल्यात. हे लुगडं वाळत घातलंय न्हवं? त्यात पाणी हाय अजून. जड दिसतंय. असं सगळ्यांना जमत न्हाय रं. हा गडी लई वर्षं गप बसून बघणारा हाय.”

लतिकेच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. आमटीला चव आहे, एवढंही या माणसानं कधी स्वतःहून म्हटलं नव्हतं. तिनं घेवड्याचं ताट ओट्यावर ठेवलं, पदराला हात पुसले आणि ती बाहेरच्या खोलीत आली. आता सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं.

तेवढ्यात पडद्यावरच्या गच्चीच्या कठड्यावर एक बुलबुल येऊन बसला. मान वळवून त्यानं मागं बघितलं.

“थांब थांब,” मास्तर म्हणाले. “ही मान. ही मान तर माझी हाय.”

“म्हंजे?”

“माझ्या तक्त्यातला बुलबुल हाय ह्यो! अस्साच मान वळवलेला. सातवा का आठवा तक्ता.” त्यांनी केयूरकडं बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, आनंद होता, आणि तेच वाईट होतं. “तू माझे तक्ते दाखवलेस व्हय रं तुझ्या चित्रकाराला? दाखवलेस तर दाखवलेस. पर रेघ माझी हाय. कुठंबी वळखीन मी. मग नाव लाव की माझं. एवढ्या देशांतली माणसं विचारत्यात तर कळू दे.”

केयूरनं आईकडं बघितलं. लतिका खोलीच्या मधोमध उभी होती. घेवड्याचं ताट आत ठेवून आल्याचं तिला क्षणभर वाईट वाटलं. हातात असतं तर सगळं मास्तरांच्या डोक्यावर ओतलं असतं. आयत्या बिळावर नागोबा, तो हाच. आणि नागोबाला बीळ आपलंच वाटतंय.

“आई, बोल की.”

“काय बोलू? लिव्ह,” ती म्हणाली. “त्यांची हाय म्हणत्यात न्हवं? लिव्ह.”

केयूरनं यादी उघडली आणि बटणं आपटत लिहिलं. ‘चित्रे : केशव देसूरकर.’ मास्तरांनी ओठ हलवत ते वाचलं. मग खुशीत म्हणाले, “हं. चल आता, पुढं काय हाय बघू.”

लतिका आत जायला वळली, पण पाय उचलेना. पुढं तिसरा टप्पा होता.

सूत एका घरात शिरलं होतं. पोरगी खिडकीतून आत आली. खोलीत आरामखुर्ची, खुर्चीत पाठमोरा माणूस, पुढं उघडं दार. रीळ खुर्चीच्या पलीकडं, त्याच्या पायाशी. मास्तरांनी पोरीला डावीकडून नेलं, उजवीकडून नेलं. वाट नव्हती.

“ह्याला हाक मारायचं बटण कुठलं?”

“तसलं बटण न्हाय, आप्पा.”

“मग वळणार कवा?”

“वळत न्हाय. लोकांनीबी हेच लिहिलंय. एक बाई धा मिनिटं नुसती थांबली हुती, आता वळंल, मग वळंल म्हणून. खुर्चीवर चढून त्याच्या डोक्यावरनं उडी मारावी लागती.”

मास्तरांनी उडी मारली. पोरगी खुर्चीच्या पाठीला लोंबकळली, वर चढली, आणि चित्र जवळ आलं. सगळा पडदा त्या माणसाच्या डोक्यानं भरला. विरळ पांढरे केस, एकेक वेगळा काढलेला. मानेवर कॉलरची घडी. आणि टाळूच्या खाली शेजारी शेजारी दोन भोवरे, एक उजवीकडं वळलेला, एक डावीकडं.

मास्तर बघत राहिले. खोलीतलं घड्याळ, सदऱ्याची कॉलर, दारातून दिसणारी समोरच्यांची भिंत, सगळं याच घरातलं. त्यांचा डावा हात हळूच वर गेला आणि स्वतःच्या डोक्यामागं चाचपू लागला.

“मला दोन भोवरे हायत व्हय?”

“मी कधी बघितलं न्हाय,” केयूर म्हणाला.

“हायत,” लतिका म्हणाली.

“मला कुणी सांगितलं न्हाय कधी.”

“तुमच्या आईंनी सांगितलतं मला. दोन भोवऱ्याच्या माणसाची दोन लग्नं हुत्यात म्हणत्यात. भीतभीतच आलते मी ह्या घरात.”

पडद्यावर पोरगी खुर्चीच्या पाठीवर बसून वेणी चावत होती. स्वतःचं डोकं मागून कुणालाही काढता येत नाही, हे चित्रकलेच्या मास्तराला समजावून सांगायची गरज नव्हती. मास्तरांनी बायकोच्या हाताकडं बघितलं. मधल्या बोटाला पेन्सिलीनं घट्टा पडला होता. तो काही आजचा नव्हता.

“आणि तक्त्यातली पाखरं?” त्यांनी विचारलं. आवाज खाली गेला होता.

लतिकेनं तो हात पदराखाली घेतला.

“चोवीसच्या चोवीस?”

“अक्षरं तुमची हुती.”

मास्तरांनी मान खाली घातली. लतिकेला वाटलं होतं, हे ऐकलं की जीव थंड होईल. तसं काही झालं नाही. समोर बसलेला माणूस एकदम म्हातारा दिसला आणि तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा रागही आला.

“ते यादीचं पान काढ,” मास्तर केयूरला म्हणाले. “खोडायचं बटण कुठलं?”

केयूरनं बोट ठेवून दाखवलं. मास्तरांनी एकेक अक्षर खोडलं. आधी आडनाव, मग नाव. घाई केली नाही. जागा कोरी झाल्यावर त्यांनी खुर्ची मागं सरकवली.

“आता लिव्ह,” ते म्हणाले. मग त्यांनी भर वर्गात बक्षीस जाहीर करावं तसं सांगितलं, “लतिका केशव देसूरकर. पूर्ण लिव्ह. अर्धं नको.”

केयूरनं लिहिलं. लतिका पुढं आली आणि वाकून वाचू लागली. रेशनकार्डावर हेच नाव होतं. गॅसच्या पुस्तकावर, बँकेत, केयूरच्या शाळेच्या प्रत्येक कागदावर हेच.

“मधलं काढ,” ती म्हणाली.

केयूरचं बोट बटणावरच थांबलं. त्यानं वडिलांकडं बघितलं. मास्तरांचा हात अजून डोक्यामागंच होता, दोन भोवऱ्यांवर. तो त्यांनी खाली घेतला नाही.

“मधलं काढ, रं.”

केयूरनं काढलं. मग हळूच विचारलं, “आणि आडनाव?”

लतिकेनं पडद्यावर त्या आडनावाखाली बोट ठेवलं.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “ते तुझंबी हाय.”